डोंगरावरचा पाला आणि शेतातली माती : शेतीचे जाणकार जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेताच पुण्यातील मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद आणि सत्यशोधक समाज या गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. समाजसुधारक म्हणून त्यांच्यावर विपुल लिहिले गेले आहे. ते स्वतः मळा कसणारे शेतकरी होते, हे मात्र पुष्कळदा विस्मरणात जाते. दख्खनच्या शेतीची सुपीकता कशावर टिकून आहे, याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. डोंगरावरील गवत, झाडांची पाने-फुले आणि मेलेले किडे कुजून जे सत्त्व तयार होते, त्यावर खालच्या शेतांचे पोषण होते, ही गोष्ट त्यांनी १८८३ मध्ये पुण्यात बसून नोंदवून ठेवली. मृदाजीवशास्त्र हे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहिले, तर शेतकऱ्यांचा कैवारी ही त्यांची ओळख अधिक स्पष्ट होते.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुढे हे कुटुंब पुरंदरमधील खानवडी येथे आले आणि तेथून पुण्यात स्थिरावले. वडील गोविंदराव आणि त्यांचे भाऊ पेशव्यांच्या दरबारात फुले पुरवीत. त्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. कुटुंबाला इनामाची जमीन मिळाली होती. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच निवर्तल्या आणि सगुणाबाईंनी त्यांचा सांभाळ केला. माळी समाजाचे हे घर होते. फुलझाडे, भाजीपाला, मोट आणि खत यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्या घरात जोतीराव वाढले.

प्राथमिक शिक्षणानंतर त्यांची शाळा सुटली आणि ते मळ्यात काम करू लागले. १८४० मध्ये नायगावच्या नेवसे पाटलांच्या कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शेजारी राहणारे मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब यांनी या मुलाची बुद्धी हेरून गोविंदरावांचे मन वळविले. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील त्यांचे शिक्षण १८४७ मध्ये पूर्ण झाले. याच सुमारास टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले. मळ्यातला अनुभव आणि शाळेतले वाचन या दोन्हींतून त्यांची दृष्टी घडली. पुस्तकातला सिद्धान्त शेतात पडताळून पाहावा आणि शेतातले दुखणे पुस्तकात मांडावे, ही त्यांची पद्धत पुढे अखेरपर्यंत कायम राहिली.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. या कामासाठी पती-पत्नींना घर सोडावे लागले. १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करणे, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ग्रंथ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना, असा हा प्रवास महाराष्ट्राला परिचित आहे. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते.

हे सारे चालू असताना पोटापाण्यासाठी ते कंत्राटदारीचा व्यवसाय करीत. खडकवासला धरणाच्या बांधकामासाठी त्यांनी साहित्य पुरविले. पुण्याजवळ मांजरी येथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. धरणाचे दगड-चुन्याचे काम, इंजिनियर खात्याचा कारभार, कालव्याच्या पाण्याचे वाटप आणि बागाइती जमिनीचे स्वरूप या गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. पाणी शेतापर्यंत आणता येते. जमिनीचा कस मात्र धरणातून येत नाही, हे कालव्यावर शेती करणाऱ्यास अनुभवाने कळते. जोतीरावांच्या शेतीविषयक लेखनात पाण्याइतकाच मातीच्या कसाचा विचार आढळतो, त्यामागे हा अनुभव असला पाहिजे.

त्या काळी दख्खनचा शेतकरी चहूबाजूंनी कोंडीत सापडला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. अन्नासाठी माणसे देशोधडीला लागली. या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू करून निराधार मुलांच्या पोटाची सोय केली. जोतीरावांनी दुष्काळ पाहिला तो असा, उपाशी मुलांच्या पंगतीत उभे राहून. पाऊस पडला नाही हे एक कारण झाले. पण पाऊस पडत असतानाही शेत पूर्वीइतके का पिकत नाही, हा प्रश्न त्यांना सतावत होता.

या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट डोंगरांकडे जात होती. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये जंगलांसाठी संरक्षक अधिकारी नेमला गेला. पुढे १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची विभागणी झाली आणि सरकारचा ताबा घट्ट झाला. गावची गायराने आणि टेकड्यांचे उतार जंगलखात्याच्या हद्दीत जाऊ लागले. त्याआधी जमीन थोडी असलेला शेतकरीही डोंगरातील फळे, पाने, फुले आणि सरपण आणून चार पैसे मिळवीत असे, गायराने आणि रानाच्या आधाराने एखाददुसरे जनावर पाळीत असे. कुंपण पडले तसे हे थांबले. चारा नाही म्हणून जनावरे घटली, जनावरे घटली म्हणून शेण घटले आणि शेण घटले म्हणून खत घटले. पोट भरण्यासाठी जमीन दरवर्षी पेरावी लागत होती. ती पड टाकून विश्रांती देण्याची सोय राहिली नव्हती. जमिनीतून पीक दरसाल काढले जात होते, परत मात्र काहीच जात नव्हते. जोतीरावांनी ही साखळी नेमकी ओळखली. जंगलखात्यावर त्यांनी केलेली टीका अत्यंत जळजळीत आहे, ती याच कारणाने.

'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. लिहून होईल तसतसे त्याचे वाचन त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी केले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच ते ऐकविणे, हा त्या काळात विरळा असलेला प्रघात त्यांनी पाडला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही त्यातील भाग ऐकला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु' पत्रात सुरुवातीचे भाग छापले गेले. पुढील मजकूर अतिशय तिखट असल्याने छपाई थांबली आणि जोतीरावांच्या हयातीत हा ग्रंथ संपूर्ण प्रसिद्ध होऊ शकला नाही. शेतकऱ्याला नाडणारे धर्माचे ठेकेदार, सरकारी नोकर आणि सावकार यांचा समाचार घेऊन अखेरीस त्यांनी उपाय सुचविले आहेत. त्या उपायांमध्ये मातीचा विचार येतो.

जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे. डोंगर-टेकड्यांवर गवत उगवते आणि वाळते, झाडांची पाने-फुले गळतात, किडे आणि श्वापदे मरतात. हे सारे तेथेच कुजते. वळवाचा पाऊस आला की या कुजलेल्या द्रव्याचे सत्त्व धुपून पाण्याच्या लोंढ्याबरोबर खाली उतरते. ते अडविले नाही, तर ओढ्या-नाल्यांतून वाहून वाया जाते. म्हणून उतारावर जागोजागी तालींसारखे बंधारे बांधावेत. वळवाचे पाणी प्रथम शेतांत मुरावे आणि मगच नदी-नाल्यास मिळावे. हे काम लष्करातील आणि पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून करून घ्यावे. त्यामुळे शेते सुपीक होतील आणि मोकळ्या हवेत काम केल्याने शिपायांची प्रकृतीही सुधारेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

या मांडणीत वळवाच्या पावसाचा उल्लेख मोलाचा आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरील बहुतेक झाडे पानझडी वर्गातील. थंडी सरताना त्यांची पाने गळू लागतात आणि उन्हाळ्यात जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. उन्हाळाभर त्याचा चुरा होत राहतो. मेच्या अखेरीस वळीव कोसळतो तेव्हा जमीन उघडी असते, गवत उगवलेले नसते आणि पाण्याला वेग असतो. वर्षभराचा भुगा पहिल्या लोंढ्यातच खाली येतो. जुलैच्या संततधारेपेक्षा वळवाचे पाणी अडविणे खतासाठी महत्त्वाचे, हे बारकावे ज्याने बांधावर उभे राहून गढूळ पाणी पाहिले आहे त्यालाच सुचावेत.

योगायोग असा की, याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांचे गांडुळांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वर्ष १८८१. अनेक वर्षांच्या निरीक्षणांनंतर डार्विन यांनी दाखवून दिले, की शेताची सुपीक वरची माती पुन्हा पुन्हा गांडुळांच्या पोटातून जाऊन तयार होते. तोवर शेतकरी आणि बागाईतदार गांडुळांना निरुपयोगी, किंबहुना उपद्रवी समजत. एकाने सुस्थितीतील संशोधकाच्या निवांतपणाने मातीतील जिवंत प्राण्यांकडे पाहिले. दुसऱ्याने उपाशी शेतकऱ्याच्या बाजूने विचार करीत मेलेल्या किड्यांचेही मोल मांडले. दोघांच्या वाटा निराळ्या, पण माती सजीवांमुळे घडते हा त्यांचा निष्कर्ष परस्परांच्या जवळ येतो.

जोतीरावांनी ज्याला कुजणे म्हटले, त्या क्रियेत किती हात राबतात हे पुढच्या शतकात कळून आले. झाडाचे पान जमिनीवर पडले की ते आपोआप माती होत नाही. पैसा किडा, वाळवी आणि इतर लहान जीव ते कुरतडून त्याचा भुगा करतात. भुगा झाल्याने बुरशी आणि सूक्ष्मजीवांना शिरकाव करायला जागा मिळते. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे असंख्य जीव त्या बुरशीवर जगतात. शेणकिडे जनावरांचे शेण जमिनीत गाडतात. गांडुळे कुजलेला भाग मातीसह गिळतात आणि त्यांच्या विष्ठेतून झाडांना सहज घेता येईल असे अन्न बाहेर पडते. त्यांच्या आणि मुंग्यांच्या बिळांमुळे पाणी खोलवर मुरते. दख्खनच्या कोरड्या हवेत गांडुळांचे काम पावसाळ्यापुरते असते; उन्हाळ्यात वाळवी आणि मुंग्या हा कारखाना चालू ठेवतात. मेलेले किडे हा या व्यवहाराचा शेवटचा हप्ता होय. जिवंतपणी त्यांनी केलेली मेहनत त्याहून मोठी असते.

शेतांच्या मधोमध किंवा कडेला राखलेला झाडांचा तुकडा का आवश्यक, याचेही उत्तर येथे मिळते. नांगरलेल्या शेतात मातीतील प्राण्यांची बिळे दरवर्षी मोडतात. पीक निघाल्यावर जमीन उघडी पडते, एप्रिल-मेच्या उन्हात भाजून निघते आणि खायला पाचोळा नसतो. अशा वेळी झाडाखालची सावली, ओल आणि न हलविलेली माती हाच या जिवांचा आसरा. पाऊस सुरू झाला की ते तेथून पुन्हा बांधाकडे आणि शेताकडे सरकू लागतात. गांडुळांची चाल अतिशय मंद. नव्या जमिनीत त्यांचा पसारा वर्षाकाठी काही मीटरच पुढे सरकतो. म्हणून आसऱ्याची जागा कोसभर दूर असून उपयोगाची नाही. ती बांधाला लागून हवी. अशा झाडीत राहणाऱ्या गोमी, कोळी आणि भुंगेरे पिकांवरील किडीही खातात.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळात अशा जागा देवराईच्या रूपाने टिकून राहिल्या. देवाच्या नावाने राखलेल्या या रानातून लाकूडच काय, पुष्कळ ठिकाणी पडलेला पालाही उचलत नाहीत. १९७० च्या दशकात पुण्यातील संशोधक माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला आणि या परंपरेकडे जगाचे लक्ष वेधले. जोतीरावांचा दैवतांच्या भयावर विश्वास नव्हता. त्यांनी रानाचे रक्षण मागितले ते शेतकऱ्याच्या हिताच्या हिशेबावर. मार्ग भिन्न असले तरी गावाने आपल्या हद्दीतील रान सांभाळावे, हा विचार दोन्हींत समान आहे.

या विचाराच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. मातीतला प्रत्येक किडा शेतकऱ्याचा मित्र नसतो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, त्यांच्या अळ्या पुढे उसाची मुळे खातात. वाळवीही उभ्या पिकाला उपद्रव देते. डोंगरावरून माती वाहून येणे हा खालच्या शेताचा लाभ असला, तरी वरच्या उताराचा तो तोटा असतो. झाडोरा टिकला नाही तर खाली सत्त्वाऐवजी मुरूम येऊ लागतो. मोकाट चराईनेही टेकड्या बोडक्या होतात. जोतीरावांना या धोक्याची अगदीच कल्पना नव्हती, असे म्हणता येत नाही. गायराने गावांना परत द्यावीत अशी मागणी करतानाच, सरपण सोडून इमारती लाकूड तोडून विकण्यास कायद्याने बंदी असावी, असेही त्यांनी सुचविले. गावाला हक्क हवा आणि त्याबरोबर बंधनही हवे, अशी ही समतोल भूमिका होती.

त्यांच्या इतर सूचनाही मातीशी निगडित होत्या. तलाव आणि नदी-नाल्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. विहिरींसाठी झऱ्यांच्या जागा शोधून काढाव्यात. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांपासून बचाव करण्याची मुभा शेतकऱ्याला असावी. उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण मिळावे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरणारे जोतीराव आणि पुढच्याच वर्षी गाळ, पाला आणि तालींविषयी लिहिणारे जोतीराव, ही एकाच विचाराची दोन रूपे होत. शेतकऱ्याच्या घामातून मिळालेला महसूल त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी परत यावा आणि डोंगराचे सत्त्व त्याच्या शेतात परत यावे, ही मागणी मुळात एकच होती.

२ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी समारंभ आयोजित केला. त्या थाटामाटात जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात उपस्थित राहिले आणि दागदागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी राजपुत्रासमोर स्पष्टपणे मांडले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. पुढे दोन महिन्यांतच पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तरीही डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह घराच्या मागे मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी नाकारल्याने दहन करावे लागले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी टिटवे धरले. वाड्याच्या आवारात त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. गंज पेठेतील तो परिसर आज समताभूमी म्हणून ओळखला जातो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव आहे आणि पुण्याचे जुने कृषी महाविद्यालय त्याच विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. बांधबंदिस्ती, पाणलोट विकास आणि तलावांतील गाळ शेतात नेण्याच्या योजना पुढे सरकारनेही हाती घेतल्या. त्यांतील पाण्याचा भाग लोकांना पटला. पाण्याबरोबर येणाऱ्या सत्त्वाचा भाग मात्र मागेच राहिला. मांजरी-हडपसरच्या मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. शहरात झाडाखालचा पाला झाडून पेटविला जातो, तर खेड्यात यंत्राला वळण घ्यायला अडचण होते म्हणून बांधावरची बाभूळ आणि करंज तोडली जाते. बांध अरुंद होतो, पीक दोन सऱ्यांनी वाढते आणि मातीतील जिवांचा उरलासुरला आसरा नाहीसा होतो. त्याची किंमत पुढे खताच्या गोणीच्या रूपाने शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

डोंगरावरचा पाला कोणाचा, हा जोतीरावांपुढचा प्रश्न होता. तो खालच्या शेताचा आणि ते कसणाऱ्याचा, असे त्यांचे उत्तर होते. तो पाला तयार करणारे झाड आणि त्याची माती करणारे किडे टिकले, तरच या उत्तराला अर्थ राहतो. शेताच्या कडेची चार झाडे आणि त्यांच्याखालचा न झाडलेला पाचोळा जपणे, हे त्यासाठी आजच्या शेतकऱ्याला करता येण्याजोगे काम आहे.